गावठाण : एका शब्दाचा हक्क

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान खांब हे गाव लागते. रोहा तालुक्यातून जाणाऱ्या प्रवाशाला भातखाचरे दिसतात. रानाकडेच्या कातकरी वाड्या सहसा दिसत नाहीत. महसुली दफ्तरातही अशा अनेक वाड्यांना स्वतःची जागा नव्हती. या टिपणाचा विषय ते न दिसणे हाच आहे.

खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावरील निर्बंध वाढले, कात गेला, आणि ही जमात कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर, शेतमालकाच्या बांधावर आली. मजूर हाताशी असावा म्हणून मालकाने आपल्या जमिनीत झोपडी बांधू दिली. पिढ्या सरल्या, तरी सातबारा मालकाचाच राहिला. पुढे मुंबईच्या सान्निध्याने रायगडातील जमिनींचे भाव चढले आणि जुन्या वाड्यांना कुंपणांचा वेढा पडू लागला.

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २५ वे कलम निवाऱ्याचा उल्लेख करते. पण वाडीवरच्या माणसाने तो हक्क मागायचा कोणाकडे, आणि कोणत्या शब्दात? तो शब्द 'गावठाण' हा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १२२ गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास देते. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर आणि कॅनडातील संशोधक डॅनियल बकल्स यांनी कातकऱ्यांसमवेत याच प्रश्नावर काम केले. त्यावरील 'फायटिंग इव्हिक्शन' हा ग्रंथ २०१३ साली आला. घरे किती, जमीन कोणाच्या नावे, हे प्रश्न आता वाडीनेच बसून मांडायचे होते.

याच जिल्ह्याने हा धडा पूर्वीही गिरवला आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, माणसे स्वतः चालत गेली तेव्हा. ठराव मुंबईचा होता, पावले महाडच्या वाटेवरची होती.

अर्थात गावठाण म्हणजे घराखालची जमीन, पोटापाण्याची नव्हे. आणि अर्जावरची अखेरची सही आजही कचेरीतच होते. म्हणून भागीदारीची कसोटी साधी आहे : बाहेरचा सोबती निघून गेल्यावर अर्जाची भाषा वाडीच्या तोंडी उरते का?