मस्टरवर नसलेली नावं

गिरगावात फणसवाडीत शिरलं की चाळींच्या गर्दीत दक्षिणी धाटणीचं व्यंकटेशाचं देऊळ दिसतं. मुंबईत बाहेरून आलेला माणूस नुसता देवच नव्हे, आपलं गावही बरोबर आणतो. धोबीतलावाला गोवेकरांनी गावागावांचे कूड उभारले. लालबाग-परळला कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपले आणि महिन्याच्या उधारीवर खाणावळीत जेवले.

सरकार आलं ते मागाहून. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, १९४८ साली कामगार राज्य विम्याचा. पण हे लाभ मस्टरवर नाव असलेल्यांना. त्यांना जेवू घालणारी खाणावळवाली कुठल्याच मस्टरवर नव्हती. ती वाण्याकडून चढ्या दरानं उधार माल आणी. संप झाला की कामगाराचा पगार थांबे आणि तिची उधारी अडके. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, तेव्हा कुठे या बायकांना बँकेची दारं उघडली.

परक्याला शहरानं सामावून घेतलं असं आपण म्हणतो. त्यातलं बरंचसं काम या बायकांच्या चुलीनं केलं. कायद्याला मात्र ती चूल फार उशिरा दिसली.