वाक्य कोणाचे?

बोरू, टाक, झरणी, टंकयंत्र असा लेखनसाधनांचा इतिहास आपण सांगत आलो आहोत. लिहिणाऱ्याला हात आहे आणि तो त्याच्या आज्ञेत आहे, हे त्यातले गृहीत. ज्यांच्या बाबतीत ते खरे नव्हते त्यांच्यासाठी साधन शोधताना आधी विचारावे लागले, की देहात कोणती हालचाल उरली आहे.

इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणक्याच्या दुखापतीमुळे मानेखालचे शरीर निश्चल झालेले रुग्ण असत. त्यांच्यासाठी रेज मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास श्वासावर चालणारे यंत्र सिद्ध केले. नळीत फुंकून वा ओढून रुग्ण घंटा वाजवी, दिवा लावी. पुढे टंकलेखनही करू लागला. यंत्राच्या नावातील आद्याक्षरांवरून ‘पॉसम’ हे नाव रूढ झाले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मला शक्य आहे’.

आयरिश लेखक ख्रिस्तोफर नोलन (१९६५–२००९) यांच्याजवळ मान होती, तीही औषधाने काहीशी सैल झाल्यावर. कपाळाला बांधलेल्या काठीने ते टंकयंत्राची एकेक कळ दाबत; आई मागे उभी राहून हनुवटीला आधार देई. १९८७ साली त्यांच्या ‘अंडर द आय ऑफ द क्लॉक’ला व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. मग वाक्य नक्की कोणाचे, अशी शंका कोणी घेतली तर तिला मी अनुदार म्हणणार नाही. मदतनिसाने हात धरून टंकलिखित करवून घेण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात गाजली आणि नियंत्रित चाचण्यांत शब्द मदतनिसाचेच निघाले. पण आधार देणे वेगळे आणि दिशा देणे वेगळे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते, त्याने ग्रंथाचा कर्ता बदलत नाही. नोलन यांच्या दाट, शब्द मोडून घडवणाऱ्या शैलीचा धनी मला तरी दुसरा कोणी दिसत नाही.

स्टीफन हॉकिंग यांच्यापाशी हीच शंका नव्या रूपात येते. १९८५ मधील श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेने त्यांची वाचा गेली. कॅलिफोर्नियातील वॉल्टर वॉल्टोझ यांनी त्यांना एक संगणकप्रणाली दिली : पडद्यावर कर्सर सरकत राही आणि तो हव्या शब्दावर आला की हातातली कळ दाबायची. मिनिटाला पंधराएक शब्द होत. हात थकल्यावर गालाची हालचाल टिपणारा संवेदक चष्म्याला बसवला. तरी वेग मिनिटाला एका शब्दापर्यंत घसरला. मग इंटेलने बसवलेली नवी प्रणाली त्यांच्याच पुस्तकांवरून पुढचा शब्द सुचवू लागली. इथे हनुवटी धरणारे कोणी नाही, तरी सुचवणारे आहे. आणि सुचवले जाते ते लेखकाच्या पूर्वीच्या लेखनातून. लेखक जुन्या स्वतःचीच नक्कल करील, हा धोका मला मदतनिसाच्या हातापेक्षा सूक्ष्म वाटतो.

अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले, तरी हॉकिंग यांनी जुना यांत्रिक आवाज बदलला नाही. तो त्यांना आपला वाटे.