मेणात राखिलेले मुख

पास्काच्या रात्री आपण देवळात जी मोठी मेणबत्ती पेटवितो, ती जळत जळत झिजून जाते. परंतु मेणानेच एके काळी चित्रे काढीत व ती शतकानुशतके टिकत, हे डहाणू-तलासरीच्या आपल्या भाविकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. ज्युबिलीनिमित्त देवळाची भिंत रंगवावयाची असल्याने तो इतिहास येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

रीत अशी: मधमाशीचे मेण सुमारे 63 अंश उष्णतेस वितळते. त्यात रंगाची पूड मिसळून, थिजण्यापूर्वी ते फळीवर लावीत आणि तापविलेल्या हत्याराने सारखे करीत. या कलेच्या ग्रीक नावाचा अर्थच 'जाळून आत बसविणे' असा होय. इ. स. 79 मध्ये मरण पावलेल्या रोमन ग्रंथकार प्लिनीने तिचा उल्लेख केला आहे. इजिप्तमधील फायूम प्रांतात मृताचे असे चित्र त्याच्या शवाच्या मुखावर बांधीत. कोरड्या वाळूत ती चित्रे टिकली.

परंतु ख्रिस्ती जनांस त्यांहून प्रिय आहे ते सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या संत कॅथरिनच्या मठातील प्रभूचे चित्र. ते 6व्या शतकातील असून सुमारे 84 सेंटिमीटर उंच आहे. मुखाची एक बाजू सौम्य, दुसरी कठोर! पुढे त्यावर दुसरे रंग चढले. 1962 साली ते काढिले तेव्हा मूळ मेण दृष्टीस पडले. 8व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बादशहांनी पवित्र चित्रांविरुद्ध हुकूम काढिले. सिनाय तेव्हा मुसलमानी अमलाखाली असल्याने ते हुकूम तेथवर पोहोचले नाहीत. परक्यांच्या राज्यात प्रभूचे मुख वाचले, हे आम्हांस विसरवत नाही.

आपल्या पाड्यांची रीत उलट. शेणाने व गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात, त्याच्या मध्ये पालघाट देवी. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले! म्हणून ते हलके, असा आमचाही समज होता. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणिली; 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली व 2018 साली ते निवर्तले. कागदावरचे चित्र टिकले खरे, पण त्याच्यापुढे लग्न लागत नाही.

आता आपल्या भिंतीवर टिकाऊ तैलचित्र असावे की पिठाचा चौक, यावर दोन मते आहेत. आमचे मत चौकाकडे झुकते. मात्र त्याच्या मधोमध काय लिहावे, हे आधी पाड्यांतील बायांस विचारावे.