पात्र आणि चारित्र्य : सिंधूपासून 'आंधळ्यांची शाळा'पर्यंत

आज एका शब्दापासून सुरुवात करू या. इंग्रजीत 'कॅरेक्टर' हा एकच शब्द दोन कामं करतो. नाटकातला माणूस म्हणजे कॅरेक्टर आणि माणसाची नीती म्हणजेही कॅरेक्टर. मराठीत आपण ही कामं वाटून दिलीत. नाटकात असतं ते पात्र, आणि समाज ज्याचा दाखला मागतो ते चारित्र्य. शब्द वेगळे, तेव्हा घोटाळा व्हायला नको होता. पण आपल्या रंगभूमीवर तो झाला, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. आज त्याबद्दलच बोलायचंय.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. तिथून पुढे पन्नासेक वर्षं मोठ्या संगीत नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. आधी भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. घरंदाज बाई रंगमंचावर उभी राहिली तर तिचं चारित्र्य जाईल, अशी समजूत होती. म्हणजे बघा, पतिव्रतेचं पात्र रंगवायला बाई चालत नव्हती! ज्या स्त्रिया गाणं-नाटक करत होत्या, त्या बहुतेक कलावंतिणींच्या घरातल्या. त्यांच्या चारित्र्याचा निकाल समाजाने जन्माबरोबरच लावलेला असे. हिराबाई पेडणेकर त्यांतल्याच. त्यांनी 'दामिनी' हे नाटक लिहिलं आणि १९१२ साली ललितकलादर्श मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. बाईच्या हातून नाटक लिहिलं गेलं आणि एका नामवंत मंडळीने ते केलं, ही केवढी मोठी गोष्ट! पण हिराबाईंचं नाव निघालं की आधी चर्चा होते त्यांच्या आयुष्याची. नाटक कसं होतं, हे विचारणारे थोडेच.

आता 'एकच प्याला'कडे येऊ. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. पदं गडकऱ्यांच्या हातून व्हायची राहिली होती, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली.

गडकऱ्यांनी सुधाकर दुष्ट म्हणून रंगवलेला नाही. तो हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टात अपमान झाला, तो सहन झाला नाही, शब्दाने शब्द वाढला आणि सनद गमावून बसला. त्या जळफळाटात तळीराम पुढे करतो तो पहिला प्याला. म्हणजे घसरगुंडी सुरू होते ती मानीपणापासून, ज्या गुणाचं आपण कौतुक करतो त्यापासूनच! लेखक म्हणून गडकऱ्यांची ही मोठी समज आहे. चारित्र्य ही तिजोरीत ठेवायची ठेव नव्हे. ते प्रत्येक घोटाला पुन्हा ठरत असतं.

आणि सिंधू? दळणं दळते, उपाशी राहते, माहेरचा पैसा घेत नाही. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून मूल जातं. तीही मरणाच्या दारात आहे, आणि तरी नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटी जबानी देते. प्रेक्षक ढसाढसा रडत.

एका महाविद्यालयात मी हे सांगत होतो, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, सिंधू खोटं बोलली. मग ती चारित्र्यवान कशी?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. विचार करताना लक्षात आलं की या नाटकात एकाच घरात दोन मापं आहेत. सुधाकरची नीती प्याल्यावर मोजली जाते, सिंधूची नवऱ्यावर. तिने सत्य सांगितलं असतं, तर त्या काळच्या प्रेक्षकाला ती पतित वाटली असती. गंमत म्हणजे याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला फटकळपणे बोलते, निमूट सोसत नाही. गडकऱ्यांना दुसऱ्या प्रकारची बाई दिसली होती. पण आपण देव्हाऱ्यात बसवली ती सिंधूच.

पुढे चौदा वर्षांनी, १ जुलै १९३३ला, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' केलं. लेखक श्री. वि. वर्तक. जोत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी त्यात स्त्रियांच्या भूमिका केल्या. 'घरंदाज बायका नाटकात!' म्हणून हा प्रयोग गाजला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नाटकाचं मूळ. नॉर्वेच्या ब्यर्नसनने १८८३ साली लिहिलेल्या नाटकावर ते बेतलेलं आहे. त्या मूळ नाटकातल्या नायिकेला आपल्या वाग्दत्त वराचा पूर्वेतिहास कळतो, तेव्हा ती हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. तिचा प्रश्न साधा आहे: लग्नाआधी मी शुद्ध असावं अशी अपेक्षा, मग त्याला सूट का?

आता हे जुळवून पाहा. चारित्र्याच्या नावाखाली ज्यांना रंगमंच बंद होता, त्याच घरांतल्या बायका तिथे उभ्या राहिल्या, आणि ज्या नाटकात उभ्या राहिल्या त्याचा विषय हाच, की पुरुषाच्या चारित्र्याचं काय? हा योगायोग असेल. पण इतिहासात असे योगायोग फार बोलके असतात.

बालगंधर्वांची सिंधू खोटी होती असं मी म्हणत नाही. तीस वर्षांच्या एका पुरुषाने परक्या दुःखात शिरून हजारोंना रडवलं. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं हीसुद्धा नीतीच आहे, आणि नटाला ती रोज करावी लागते. आपली तक्रार प्रेक्षकांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दलच आहे. आपण सिंधूसाठी रडलो आणि घरी येऊन आपल्या सिंधूकडून तेच सोसणं मागितलं.

तेव्हा यापुढे कोणाचं चारित्र्य असा शब्द कानावर आला, की एवढंच विचारा: हे माप सगळ्यांना सारखं लावलंय का? लावलं नसेल, तर त्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

थांबतो.