खिमा शिजला, हे कोणी ठरवायचं?

गेल्या रविवारी सकाळी भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला. मागे तव्यावरचा चर्र आवाज, चार वर्षांच्या नातीची भुणभुण आणि बाईसाहेबांचा थेट प्रश्न, "मावशी, खिम्याची एक पॅटी मधे मोडून बघितली. लाल नाहीये, छान तपकिरी झालीय. म्हणजे शिजल्या ना गं?"

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. किती वर्षं मी स्वतः असंच ठरवत होते. मग शब्द गिळला आणि विचारलं, "थर्मामीटर आहे का घरात?"

"तापाचा?" ती म्हणाली.

तापाचा नव्हे, हे सांगितलं. पण त्यामागचं सगळं फोनवर सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले. तिचा खिमा बीफचा होता. आमच्या नात्यागोत्यात बीफ खाणारे आहेत, तसेच त्याचं नाव काढल्यावर पानावरून उठणारेही आहेत. दोघांनीही वाचा. गोष्ट बीफची असली तरी मटणाच्या पॅटीस आणि कबाब करणाऱ्यांनाही ती लागू आहे.

लहानपणी कोल्हापुरात अण्णांबरोबर रविवारी मटण आणायला जायचे. खिमा घ्यायचा असेल तर अण्णा आधी तुकडा निवडायचे, तो उलटापालटा करून बघायचे आणि मग समोर उभं राहून लाकडी ठोकळ्यावर करून घ्यायचे. आधी करून ठेवलेला खिमा त्यांनी कधी घेतला नाही. "कशात काय घातलंय कोण सांगणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरी आल्यावर आई तो मसाल्यात घालून तासभर रटरटत ठेवायची. आत काही जिवंत राहण्याची शक्यताच नव्हती!

अमेरिकेत आले आणि खिमा पुडक्यात मिळायला लागला. वर ८०/२० असं लिहिलेलं, म्हणजे ऐंशी टक्के मांस, वीस टक्के चरबी. इथल्या नियमाप्रमाणे 'ग्राउंड बीफ' किंवा 'हॅम्बर्गर' नावाने विकलेल्या खिम्यात तीस टक्क्यांहून जास्त चरबी चालत नाही, आणि पाणी किंवा पीठबीठ मिसळता येत नाही. हॅम्बर्गरमधे वरून चरबी घालता येते, ग्राउंड बीफमधे नाही. आकडे वाचून मला फार बरं वाटायचं. पण अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत नव्हतं. मोठ्या कारखान्यात अनेक गुरांचे, कधी वेगवेगळ्या राज्यांतून आणि देशांतून आलेले तुकडे एकत्र दळले जातात. एका पुडक्यात किती जनावरं आहेत, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आम्ही तेव्हा शिकागोजवळ राहायचो. शहराच्या दक्षिणेला एक्स्चेंज ॲव्हेन्यूवर चुनखडीच्या दगडाची एक जुनी कमान उभी आहे. युनियन स्टॉकयार्ड्सची ही वेस. १८६५ मधे सुरू झालेला हा गुरांचा प्रचंड बाजार १९७१ मधे बंद पडला. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी इथल्याच कत्तलखान्यांवरची. १९०६ मधे ती पुस्तकरूपात आली. त्याला दाखवायचे होते कामगारांचे हाल, पण वाचकांना धक्का बसला तो आपल्या ताटात काय येतंय हे वाचून. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने चौकशीला माणसं पाठवली, आणि ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा कायदा झाला. सरकारी तपासनीस कत्तलखान्यात बसले. जनावर आजारी दिसतंय का ते बघायचं, गाठी चाचपायच्या, वास घ्यायचा. उत्तीर्ण झालेल्या मांसावर शिक्का.

डोळे, हात आणि नाक. अण्णाही याहून वेगळं काही करत नव्हते! त्या काळच्या रोगांसाठी ही पद्धत चांगलीच होती. क्षयाने पोखरलेलं जनावर डोळ्याला कळतं.

पण मांसावरचे जंतू कसे दिसणार? १९७१ च्या सुमारास अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने नेमका हाच मुद्दा काढला. सरकारी शिक्का बघून लोकांना वाटतं की मांस निर्धोक आहे, पण त्यावर साल्मोनेला असू शकतो. तेव्हा मांस कसं हाताळावं, कसं शिजवावं हे पुडक्यावर छापा, एवढीच त्यांची मागणी. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७४ मधे वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ती फेटाळली. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा, की अमेरिकन गृहिणी काही अडाणी किंवा मूर्ख नाहीत, त्यांच्या नेहमीच्या रांधण्याने साल्मोनेला होत नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. चला, कोणीतरी गृहिणीला शहाणी म्हटलं! मग लक्षात आलं, की कौतुकाच्या नावाखाली बाईच्या गळ्यात सगळी जबाबदारी अडकवली होती, आणि ती पार पाडायला लागणारी माहिती पुडक्यावर छापायला मात्र नकार दिला होता.

पुढे १९८२ मधे ऑरेगन आणि मिशिगन या दोन राज्यांत मिळून निदान ४७ माणसं रक्ताच्या जुलाबांनी आजारी पडली. एकाच साखळीच्या हॉटेलांतले हॅम्बर्गर त्यांनी खाल्ले होते. कारण सापडलं ते ई. कोलाय ओ१५७ नावाचा जंतू. हा गुरांच्या आतड्यात सुखाने राहतो. गुराला काहीच होत नाही, त्यामुळे तपासनिसाला ते निरोगीच दिसतं. कापताना, सोलताना आतड्यातली किंवा चामड्यावरची घाण मांसाला लागली की जंतू मांसावर येतो. अखंड तुकड्यावर तो बहुतेक वरच राहतो, आणि तव्याच्या चटक्याने मरतो. पण मांस दळलं की वरचं सगळं आत जातं. म्हणून स्टेक आतून गुलाबी खाणं आणि हॅम्बर्गर आतून गुलाबी खाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हा जंतू थोडासा पोटात गेला तरी पुरतो. लहान मुलांत कधी कधी त्याचं विष थेट किडनीवर जातं.

हे देशाला कळलं १९९३ च्या जानेवारीत. सिएटलच्या बाजूला मुलं आजारी पडायला लागली. 'जॅक इन द बॉक्स' या साखळीचे अर्धवट शिजलेले हॅम्बर्गर हे कारण निघालं. चार राज्यांत मिळून सातशेच्या वर लोक आजारी पडले, चार मुलं गेली. त्यातल्या एका बाळाने तर हॅम्बर्गर खाल्लाच नव्हता, पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलाकडून त्याला लागण झाली. वॉशिंग्टन राज्याचा नियम होता, हॅम्बर्गर आतून १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला पाहिजे. साखळी मात्र केंद्राच्या १४० अंशांवर चालत होती. पंधरा अंशांचा फरक!

त्यानंतर १९९४ मधे कच्च्या मांसाच्या पुडक्यांवर हात धुवा, नीट शिजवा अशा सूचना छापणं सक्तीचं झालं. वीस वर्षांपूर्वी मागितलं होतं तेच. पण खरा बदल त्याच वर्षाच्या सप्टेंबरात झाला. मांस तपासणी खात्याचे प्रमुख मायकेल टेलर यांनी जाहीर केलं, की कच्च्या बीफच्या खिम्यात ओ१५७ सापडला तर तो माल भेसळयुक्त धरला जाईल, विकता येणार नाही. मांस व्यापारी कोर्टात गेले. त्यांचा युक्तिवाद तोच जुना, की नीट शिजवलं तर जंतू मरतो, मग आमचा दोष काय? या वेळी कोर्टाने ऐकलं नाही. कितीतरी अमेरिकन लोक हॅम्बर्गर आतून लालसर ठेवूनच शिजला असं मानतात, आणि तेवढ्याने हा जंतू मरत नाही. म्हणजे लोक खरोखर कसं रांधतात, याचा विचार कोर्टाने केला. तपासण्या सुरू झाल्या, कारखान्यांनी पद्धती बदलल्या, आणि पुढच्या वर्षांत खिम्यात हा जंतू सापडण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. तरी प्रश्न मिटला नाही. २००७ मधे 'टॉप्स मीट' या कंपनीला २ कोटी १७ लाख पौंड खिमा परत मागवावा लागला, आणि कंपनीच बंद पडली.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर फक्त ह्यांनाच सांगितली होती.

१९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात बार्बेक्यू होता. हॅम्बर्गर मी केले होते. १९९३ ची बातमी वाचलेली होती, म्हणून प्रत्येक पॅटी मोडून बघितली. आत गुलाबी काही नव्हतं. चार दिवसांनी शेजारणीच्या पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचे जुलाब सुरू झाले. तीन दिवस तो हॉस्पिटलमधे होता. सुदैवाने बरा झाला. कशामुळे झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्या आठवड्यात त्याने इतर चार ठिकाणीही खाल्लं होतं. शेजारीण दारात आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते पूर्ण शिजले होते ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "हो, मी स्वतः बघितलं."

मी खोटं बोलले नव्हते. तेव्हाचा सरकारी सल्लाही गुलाबी राहू देऊ नका असाच होता. पण १९९७ मधे कृषी खात्याने तो बदलला. रंगावर जाऊ नका, थर्मामीटर वापरा. प्रयोगांत दिसलं, की दर चार हॅम्बर्गरमधला एक सुरक्षित तापमान गाठायच्या आधीच आतून तपकिरी होतो. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिनचा. हवा लागून किंवा गोठवून-वितळवून तो आधीच बदललेला असेल, तर थोड्या उष्णतेनेही मांस शिजल्यासारखं दिसतं. उलट काही पॅटीस नीट शिजूनही गुलाबी राहतात. पुडक्यात वरून लाल आणि आतून करडा दिसणारा खिमाही त्यामुळेच नासका असतो असं नाही, आत हवा पोचलेली नसते इतकंच.

ते वाचलं त्या दिवशी माझा हात थांबला. माझ्या पॅटीस शिजल्या होत्या? असतील. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं त्या आईला सांगितलं होतं. पुढे दोन वर्षं आम्ही शेजारी होतो. मी हे तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तर भाचीबाई, एवढंच कर. पॅटीच्या बाजूने थर्मामीटरचं टोक बरोबर मध्यात जाऊ दे. १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस. खिमा आणल्यावर एक-दोन दिवसांत वापर, नाहीतर गोठव, पण गोठवून हा जंतू मरतो असं समजू नकोस. वितळवायचा तो फ्रिजमधेच, ओट्यावर नाही. कच्च्या पॅटीसची ताटली शिजलेल्यांसाठी परत घेऊ नकोस, आणि त्याच हाताने काकडी चिरू नकोस. आईसारखा रस्सा रटरटवलास तर हा सगळा खटाटोप नको, तिथे उकळीच काम करते.

आणि शाकाहारी मंडळींनी गालातल्या गालात हसू नये. २००६ मधे हाच जंतू कॅलिफोर्नियाच्या पालकातून आला होता, आणि दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली होती.

असो. त्या रविवारी तिने पॅटीसवर झाकण ठेवून आणखी बराच वेळ शिजवल्या आणि थर्मामीटर मागवला. काल रात्री निरोप आला, "मावशी, १६४! पण जरा कोरड्या झाल्या गं." मी कळवलं, पाव दुधात भिजवून, पिळून खिम्यात घाल आणि कांदा बारीक किसून टाक, मऊ राहतील. नात दोन खाऊन झोपली म्हणे.