निरोप मिटवणारं एन्झाइम : प्रोटीन टायरोसिन फॉस्फेटेज म्हणजे काय?

टाइप-२ मधुमेहात अनेकांच्या रक्तात इन्सुलिन असतं, तरी साखर उतरत नाही. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या दारापर्यंत येतो, पण आत त्याला हवी तशी दाद मिळत नाही. याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक समजून घ्यायचं तर 'प्रोटीन टायरोसिन फॉस्फेटेज', म्हणजे पीटीपी, या एन्झाइमच्या कुटुंबाची ओळख हवी.

निरोप जातो कसा?

इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला बाहेरून चिकटतं. मग रिसेप्टरच्या आतल्या भागातील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेटची खूण बसते. ती खूण बघून पुढची प्रथिनं कामाला लागतात आणि साखर आत घेतली जाते. खूण लावणारी एन्झाइम म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फेटेज. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर एक जमा करतं, दुसरं नावे टाकतं. निरोप किती जोरात आणि किती वेळ चालणार, हे शिलकेवर ठरतं. माणसात टायरोसिन कायनेजची सुमारे ९० जनुकं आहेत, तर पीटीपीची सुमारे १००. म्हणजे मिटवण्याचं कामही तेवढ्याच काटेकोरपणे चालतं.

शोध उशिरा लागला

टायरोसिनवर फॉस्फेट बसतं, हे १९७९ मध्ये अमेरिकेतील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांना दिसलं. ते काढणारं एन्झाइम मात्र १९८८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आलं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर यांच्या प्रयोगशाळेत निकोलस टोंक्स यांनी ते मानवी वारेतून वेगळं केलं. त्याचं नाव पीटीपी-१बी. प्रथिनांवर फॉस्फेट बसणं-निघणं या कामासाठी फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं.

औषध का अवघड?

पीटीपी-१बी इन्सुलिन रिसेप्टरवरचीच खूण पुसतं. १९९९ मध्ये या एन्झाइमचं जनुक काढलेल्या उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या उंदरांत इन्सुलिन जास्त प्रभावी ठरलं आणि चरबीयुक्त खाणं देऊनही ते फारसे लठ्ठ झाले नाहीत. साहजिकच औषध कंपन्या मागे लागल्या. पण या कुटुंबातल्या एन्झाइमचा काम करणारा भाग एकमेकांशी फार मिळताजुळता असतो. एकाला अडवायला जावं तर दुसरंही अडतं. शिवाय त्या जागी नीट बसणारे रेणू विद्युतभारित असल्याने पेशीत सहज शिरत नाहीत.

फक्त ब्रेक नव्हे

पीटीपी म्हणजे नुसता ब्रेक, असंही समजू नये. एसएचपी-२ हे याच कुटुंबातलं एन्झाइम वाढीचा निरोप उलट पुढे ढकलतं. त्याच्या जनुकातील बिघाडामुळे ते जास्त काम करू लागलं की नूनन सिंड्रोम होऊ शकतो. त्यात मुलाची उंची कमी राहते, हृदयातही दोष असू शकतो. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हाच बिघाड सापडतो. तेव्हा कुठलं फॉस्फेटेज कुठल्या प्रथिनावरची खूण काढतं, यावर सगळं अवलंबून आहे.