नागपूरचे वार आणि झोन

१ नोव्हेंबर १९५६पर्यंत आमच्या बैहरची राजधानी नागपूर होती. मग भोपाळ झाली. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. पुढे वस्त्यांना बाजाराच्या वारांची नावं पडली: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी. (आठवडी बाजारावर जगणाऱ्या बैहरकरांना यात नवल नाही.) इंग्रजांनी सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे आपली सिव्हिल लाइन्स वेगळी मांडली. आज महापालिकेचे दहा झोन आहेत. त्यांत मंगळवारीचं नाव टिकलं. इतवारी नाही, भोसल्यांचा महालही नाही. मी इंजिनिअर, नकाशावर रेघ मारायची सवय मलाही आहे. तरी हे खटकतं. रिक्षावाल्याला मात्र अजूनही ‘इतवारी’च सांगावं लागतं.